तू कोणाच्या घरचा?

आमचं नुबियातलं गाव कित्तेर मी कधी पाहिलेलं नाही. मी जन्मले तेव्हा ते पाण्याखाली जाऊन बरीच वर्षं झाली होती. असवानला धरण झालं, नदीचा तलाव झाला, आणि सरकारने आमच्या माणसांना बोटींत बसवून उत्तरेला, कोम ओम्बोच्या उसाच्या पट्ट्यात आणून सोडलं. सिमेंटची घरं, एकाला एक चिकटलेली. इथून नदी दिसत नाही. हिवाळ्यात साखर कारखाना सुरू झाला की हवेत मळीचा वास भरून राहतो. मी त्याच कारखान्याच्या ऑफिसात नोकरी करते, त्यामुळे तो वास माझ्या केसांतूनही जात नाही.

तरी कित्तेर मला स्वप्नात दिसायचं. ऐकून ऐकून माझ्या डोक्यात एक गाव तयार झालं होतं आणि ते दर वेळी थोडं चुकलेलं असायचं. कधी नदी थेट अंगणातून वाहायची. कधी भिंतीत बसवलेल्या चिनी मातीच्या बशा चंद्रासारख्या उजळायच्या आणि त्या उजेडात बायका पीठ मळायच्या. सकाळी मी दहीबा आत्याला सांगायची. ती हसायची. म्हणायची, "अंगणात नदी नव्हती गं. पण बशा मात्र तशाच होत्या."

दहीबा आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा आयुष्यभर कैरोत स्वयंपाकी होता, तिथेच वारला. मूलबाळ नाही. ती आणि मी, दोघीच राहायचो. तिला वाचता येत नव्हतं, पण तिच्यापासून कोणी कधी काही लपवून ठेवू शकलं, असं मी पाहिलं नाही.

इंटरनेट आमच्या गल्लीत आलं तेव्हा मी त्यावर कित्तेरच्या लोकांसाठी एक चावडी उघडली आणि तिला नाव दिलं 'ओटा'. जुन्या गावात प्रत्येक घराबाहेर मातीचा लांबलचक ओटा असायचा, ऊन उतरलं की सगळे त्यावर येऊन बसायचे. इथल्या सिमेंटच्या घरांना सरकारने ओटे ठेवलेच नव्हते. म्हणून हा एक. कैरो, अलेक्झांड्रिया, कुवेत, जेद्दा, एक जण तर मार्सेयहून, अशी आमची माणसं संध्याकाळी तिथे जमू लागली. कोणी लग्नाचे फोटो टाकायचं, कोणी मयताची खबर, कोणी जुन्या गाण्याची अर्धी ओळ टाकून बाकीची मागायचं.

ओट्यावर यायचं तर आपलं घराणं लिहावं लागे. कित्तेरमध्ये चारच घराणी, त्यामुळे सोपं होतं. एकाने मात्र ती जागा कोरी सोडली. नाव म्हणून लिहिलं होतं 'पलीकडचा', आणि खाली एवढंच: "पोस्टाची बोट वळणावरून दिसायच्या आधी पाण्याचा रंग बदलायचा, असं मला आठवतं. अजून कुणाला आठवतं का?"

मी तो मजकूर आत्याला वाचून दाखवला. ती कांदा चिरत होती. सुरी थांबवून म्हणाली, "बदलायचा. तांबूस व्हायचा. येऊ दे त्याला."

मी येऊ दिलं.

पुढची तीनेक वर्षं पलीकडचा अधूनमधून लिहीत राहिला. फार नाही. दोन-तीन ओळी. भाकरीच्या दगडावर पहिलं पीठ पडताना येणारा आवाज. दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना वाळूवर फिरणारी एकच बकरी. खजुराच्या झाडाखाली बसलं की सावली अंगावरून कशी सरकते, आणि आपण तिच्यामागे सरकत सरकत शेवटी भिंतीला कसे लागतो.  मग एकेक जण खाली लिहायचा, हो, हो, असंच. माझ्या स्वप्नातलं गाव त्याच्या ओळींनी दुरुस्त होत गेलं. नदी अंगणातून निघून आपल्या जागी गेली. ती बकरी आली. स्वप्नात मी वाळूवरून चालायची तेव्हा पाय भाजायचे, आणि जागी झाल्यावर ते खरोखर गरम लागायचे.

पण तो कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नाव, चेहरा, गाव, काही नाही. काही म्हणायचे नदीच्या पलीकडच्या वस्तीतला असेल, म्हणून तसं नाव. शाजलीकाका म्हणायचे, टीव्हीच्या मालिका लिहिणारा कुणीतरी असेल, आपल्या आठवणी फुकट गोळा करतोय.

शाजलीकाका अलेक्झांड्रियाचे. जन्मभर मालवाहू जहाजांवर आचारी होते. जहाजावर भांडायला रोज नवी माणसं मिळायची, निवृत्त झाल्यावर ओटा मिळाला, असं आत्या म्हणायची.

त्या सुमारास मी ओट्यावर एक नवीन गोष्ट सुरू केली होती, पाहुण्याची खुर्ची. दर शुक्रवारी नमाजानंतर एकाला खुर्चीत बसवायचं. आठवडाभर ज्याला जे वाटेल ते त्याने विचारायचं, आणि खुर्चीतल्याने खरं उत्तर द्यायचं. हा खेळ सगळ्यांना आवडला होता. पहिल्या प्रेमाबद्दल विचारलं की म्हातारे लाजायचे, बायका एकमेकींच्या वहिन्यांना नको ते विचारून घ्यायच्या. सगळ्यांची पाळी होऊन गेली तेव्हा मी पलीकडच्याला विचारलं, बसता का?

दोन दिवसांनी उत्तर आलं, "बसतो."

पहिला प्रश्न नेहमी माझा असायचा. मी साधाच विचारला, "सकाळी उठल्यावर पहिलं काय करता?"

त्याने लिहिलं, "खिडकी उघडतो आणि नदी बघायला मान वळवतो. समोरच्या इमारतीवर वाळत घातलेल्या चादरी दिसतात. इतकी वर्षं झाली, रोज क्षणभर फसतोच."

मग प्रश्नांची रांग लागली. मी कारखान्यातून आले की आत्या हातातलं काम घेऊन कॉम्प्युटरशेजारी येऊन बसायची, आणि मी मोठ्याने वाचायची.

मार्सेयच्या त्या एकाने विचारलं, लहानपणी काय चोरलंत?

"खजूर. एका घरात खजुराचं मडकं होतं, अरुंद तोंडाचं. हात आत गेला, मूठ भरली, मग हात बाहेर येईना. मूठ सोडली असती तर आला असता. मी सोडली नाही. मडकं फोडावं लागलं."

आत्या खुदकन हसली. "कोणाच्या घरचं मडकं ते विचार."

मी विचारलं. तो म्हणाला, "जिचं होतं तिने मला मारलं नाही. फुटक्या मडक्यातले खजूर माझ्याच अंगरख्यात बांधून दिले. नाव सांगत नाही, तिला कदाचित आवडणार नाही."

जेद्दाच्या एका मुलीने विचारलं, कशाची भीती वाटते?

"लहानपणी पाण्यातल्या माणसांची वाटायची. संध्याकाळी काठावर गेलास तर ती तुला आपल्या घरी नेतील, असं सगळे सांगायचे. आता भीती वाटत नाही. आता ती आपल्याच घरांत राहत असतील. घरं नीट ठेवत असतील ना, एवढंच मनात येतं."

 खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर चालले होते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र हिरव्या पाण्यातली एक गल्ली होती, दारांवरच्या बशा, आणि एक लांब केसांची बाई पाण्यातच अंगण झाडत होती, सावकाश, धूळ न उडवता.

मग कोणीतरी विचारलं, स्वप्नं कोणत्या भाषेत पडतात?

"आपल्या भाषेत," त्याने लिहिलं. "पण स्वप्नात मी बोलतो ते लहान मुलासारखं असतं. मोठ्या माणसाचे शब्द मला येत नाहीत."

इथे शाजलीकाका उठले. त्यांचं लिहिणं बोलण्यासारखंच होतं, श्वास न घेता.

"मोठ्या माणसाचे शब्द येत नाहीत म्हणजे काय? कित्तेरच्या कोणत्या घरात पोर शब्दांवाचून मोठं होतं? खूप झाली कविता. मी सरळ विचारतो. तू कोणाच्या घरचा? बापाचं नाव सांग, आज्याचं नाव सांग, चारांतलं घराणं सांग. नसेल सांगता येत तर ऊठ खुर्चीतून."

आमच्यात हा प्रश्न कुणालाही विचारतात. लग्नात, बाजारात, बसमध्ये. तू कोणाच्या घरचा? उत्तर मिळालं की माणूस सरकून जागा देतो, चहा मागवतो. यात अपमान काही नाही. पण पलीकडचा गप्प झाला.

एक दिवस गेला, दुसरा गेला. ओट्यावर कुजबुज सुरू झाली. काल 'असंच, असंच' म्हणणारे आज म्हणू लागले, आपल्यालाही शंका होतीच. कुवेतच्या एकाने लिहिलं, माझ्या मेलेल्या आईबद्दल मी याला काय काय सांगून बसलो. तिसऱ्या दिवशी मला एकटीला निरोप आला: "नब्राबाई, मी खुर्चीतून उतरलो तर चालेल का? ओट्यावरूनही उतरतो. कुणाला फसवायचा विचार नव्हता."

मी तो आत्याला वाचून दाखवला आणि म्हटलं, "उतरू देते. त्यांना त्रास होतोय."

"उतरू देऊ नकोस," आत्या म्हणाली.

"अगं, पण त्यांना सांगायचं नाहीये."

"ज्याला फसवायचं असतं तो खोटं नाव सांगून मोकळा होतो. चार घराणी तर आहेत, एक उचलायचं आणि ठोकून द्यायचं. कोण तपासायला जातंय? हा गप्प बसलाय. गप्प बसणारा माणूस खोटं बोलत नसतो, पोरी. त्याला प्रश्नच चुकीचा विचारलाय तुम्ही."

"मग बरोबर कोणता?"

ती मांडीवरची मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत होती. एक जुडी खुडून झाल्यावर म्हणाली, "लिही, दहीबा विचारते. उन्हाळ्यात तू कुठे झोपायचास?"

मी सगळ्यांसमोर, ओट्यावरच लिहिलं. कित्तेरमध्ये उन्हाळ्यात घरात कोणी झोपत नसे. कोणी अंगणात, कोणी ओट्यावर, कोणी काठाजवळच्या वाळूत. जागा ठरलेल्या असायच्या, असं मी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलेलं होतं.

"शाळेच्या छपरावर. वडील कंदील विझवायचे आणि म्हणायचे, आता आकाश वाच. मला वाचता यायचं नाही, मी झोपून जायचो. सकाळी उठलो की पापण्यांवर वाळू असायची, आणि खाली कुणीतरी दाराशी दुधाची वाटी ठेवून गेलेलं असायचं. रोज वेगळी वाटी."

मी वाचून संपवलं आणि आत्याकडे पाहिलं. तिचे हात पानांतच राहिले होते.

"शाळेच्या छपरावर कित्तेरचं कोणी झोपत नव्हतं," ती हळू म्हणाली. "मास्तर झोपायचा. मास्तर आणि त्याचं पोर."

मग तिने मला सांगितलं. मी हे कधीच ऐकलं नव्हतं, कारण मास्तर आमचा नव्हता आणि आमच्या गोष्टी आमच्याच माणसांच्या असायच्या. लबीब त्याचं नाव. खालच्या मुलखातला, पार उत्तरेच्या तांताचा. नुबियात बदली म्हणजे शिक्षाच मानायचे तेव्हा, कुणाशी तरी भांडला असेल वरच्या. बायको वारलेली. एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात पोराचा हात, असा पोस्टाच्या बोटीतून उतरला. गावात तेव्हा सगळ्या बायकाच. पुरुष शहरांत चाकरीला. परक्या पुरुषाकडे बायका कशा जाणार? पण पोराला काय परकं नि काय आपलं. पोर या घरी जेवायचं, त्या घरी न्हायचं. वर्षभरात आमची भाषा अशी बोलायला लागलं की त्याच्या बापाला कळेना.

"आणि मग मास्तरला ताप आला," आत्या म्हणाली. "बोट यायला अजून दिवस होते. बोट येईपर्यंत तो टिकला नाही. आम्हीच पुरला त्याला, आमच्यात. पुढच्या बोटीने पोराचा काका आला आणि त्याला घेऊन गेला. दाराच्या चौकटीला धरून रडत होतं गं. बोटं एकेक करून सोडवावी लागली." ती थांबली. "खजुराचं मडकं माझंच होतं."

  मग तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "लिही. वजीह, तू का रे?"

मी तेवढंच लिहिलं. वजीह, तू का रे, दहीबा विचारते.

त्या दिवशी तो तिथेच बसून असावा, कारण उत्तर लगेच आलं. "हो मावशी."

मागोमाग मोठा मजकूर आला. इतक्या वर्षांत त्याने एवढं कधी लिहिलं नव्हतं. तो तांतात दातांचा डॉक्टर होता. लग्न झालेलं, मुली मोठ्या, आपापल्या घरी. काकाच्या घरी आमची भाषा बोलला की चुलतभाऊ हसायचे, म्हणून ती त्याने तोंडातल्या तोंडात ठेवली, आणि ती नऊ वर्षांचीच राहिली. धरणाबद्दल त्याने रेडिओवर ऐकलं. गाव बुडालं त्या दिवशी तो शाळेत भूगोलाच्या तासाला बसला होता. ओटा सापडला तेव्हा घराण्याच्या कोऱ्या जागेसमोर तो कितीतरी वेळ बसून राहिला. "तांता लिहिलं असतं तर तुम्ही मला आत घेतलं नसतं. चारांतलं एक लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. आपलं नसलेलं गाव मला रोज आठवतं, हे कुणाला कसं सांगायचं? म्हणून पलीकडचा. शाजलीभाईंचं बरोबर आहे. मी कुणाच्याच घरचा नाही."

आणि शेवटी, थोडी जागा सोडून:

"खुर्चीतल्याने विचारायचं नसतं, ठाऊक आहे. पण मला एकच विचारायचं आहे, आणि त्याचसाठी मी इथे आलो होतो. तुम्ही गाव सोडलंत तेव्हा सगळ्या बायका कबरस्तानात गेल्या होत्या, पाणी घेऊन, असं इथेच वाचलं. ज्याचं कोणी नव्हतं त्याच्याकडे कोणी गेलं होतं का?"

आमच्याकडे कबरीच्या उशाशी मातीचं भांडं ठेवतात. त्यात पाणी घालतात, पाखरांसाठी, आणि जो झोपलाय त्याच्यासाठी. निघायच्या दिवशी बायकांनी सगळी भांडी भरली होती. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. आत्या ते सांगायला लागली की दर वेळी मी खोलीतून उठून जायची, कारण मला ते सोसायचं नाही. या वेळी मी उठले नाही. ती सांगत गेली, मी टाइप करत गेले, तिच्याच शब्दांत.

"वजीह बाळा, ऐक. त्या दिवशी सकाळी बोटी उभ्या होत्या आणि भोंगे वाजत होते. मी माझ्या बाच्या कबरीवर पाणी घातलं, आईच्या घातलं. मडक्यात थोडं उरलं. म्हटलं, मास्तरचं कोणी नाही, त्याला कोण देणार? म्हणून कडेच्या बाभळीखाली गेले. बघते तर शाया तिथून परत येत होती. ती म्हणाली, मी घातलंय, त्याचं कोणी नाही ना म्हणून. मी म्हटलं, असू दे, माझंही घालते. भांड्याशी गेले तर ते काठोकाठ भरलेलं. शायाच्या आधी हमीदा येऊन गेली होती, तिच्याआधी आणखी कोणी. जिला तिला वाटलं, त्याचं कोणी नाही. माझं पाणी घातलं ते सगळं सांडलं. कबरीभोवती चिखल झाला होता, वजीह. एवढं पाणी आमच्या कुणाच्या बापाला मिळालं नाही. मी त्याला सांगितलं, मास्तर, आम्ही निघालो. तुझं पोर उत्तरेला आहे, आम्हीही तिकडेच चाललोय, दिसलं तर सांभाळू. मग बोट तिसऱ्यांदा ओरडली आणि मी पळाले. तुला शोधायला पाहिजे होतं. उत्तर एवढी मोठी असेल असं वाटलं नव्हतं."

  पहिली ओळ आली ती अलेक्झांड्रियाहून.

"पोहायला तुला मी शिकवलं, गाढवा. आधी सांगितलं असतंस तर तीन वर्षं भांडलो नसतो."

आणि लगेच दुसरी. "अर्थात तू वाईटच पोहायचास."

शाजलीकाका शाळेत वजीहच्या शेजारी बसायचे, एकाच पाटीवर दोघे लिहायचे, हे पुढच्या दिवसांत कळत गेलं. आता रांग उलटी लागली. खुर्चीतल्याला कोणी काही विचारत नव्हतं, सगळे सांगतच होते. तुझे केस माझ्या आईने कापले होते. तुला विंचू चावला तेव्हा माझ्या बापाने पाठीवर घालून धावत नेलं होतं. आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर तू कोळशाने बोट काढली होतीस, ती शेवटपर्यंत होती. वजीह एकेकाला उत्तर देत होता. आठवत नसेल तर प्रामाणिकपणे लिहायचा, हे मला आठवत नाही, पण आता आठवेल.

हिवाळ्यात आम्ही तलावावर गेलो. कल्पना शाजलीकाकांची. अबू सिंबेलहून मासेमारीची एक बोट ठरवली. येऊ येऊ म्हणणारे बरेच होते, आलो आम्ही चौघेच. वजीह आदल्या दिवशी रेल्वेने असवानला उतरला, हातात तांताच्या हलव्याचे डबे. उंच, थोडा वाकलेला, पांढरे केस नीट मागे वळवलेले. आत्या फलाटावरच्या बाकावर बसली होती. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि आमच्या भाषेत म्हणाला, "मावशी, मी आलो. मला भूक लागली."

आत्याने तोंडावर पदर धरला. मला आधी वाटलं रडतेय. ती हसत होती. पांढऱ्या केसांचा डॉक्टर, आणि बोलतोय अगदी शेंबड्या पोरासारखं, क्रियापदांची शेपटं खाऊन, त्या वयात मुलं करतात तसे 'र' मऊ करून. साठीकडे आलेल्या तोंडातून जुन्या कित्तेरमधलं एक मूल बोलत होतं. तसं बोलणारं मूल आता जगात कुठेच उरलेलं नाही. आमची मुलं टीव्हीसारखी बोलतात.

"मग मोठ्यासारखं कसं म्हणायचं?" त्याने विचारलं.

"काही नको," आत्या म्हणाली. "असाच बोल. ये, खायला देते."

सकाळी बोट निघाली. पाणी काचेसारखं होतं. काठ म्हणजे नुसते डोंगराचे माथे, पिवळे, उघडे, खाली काय आहे ते न सांगणारे. नावाडी तरुण होता, दुसऱ्या मुलखातला. गावाचं नाव त्याने ऐकलेलं नव्हतं. शाजलीकाका पुढे उभे राहून माथ्यांची ओळख पटवत होते. "ती खाच दिसते ना, उंटाच्या पाठीसारखी? तिच्याखाली पेठ. आता डावीकडे घे. आणखी. हां, बंद कर."

इंजिन थांबलं. त्यानंतरची शांतता मी कधी अनुभवली नव्हती. लाटा बोटीला चाटत होत्या, आणि एक बगळा खूप लांबून, घाई नसल्यासारखा, सरळ आमच्याकडे येत होता.

वजीह कठड्याला धरून उभा होता. कितीतरी वेळ त्याने नुसतं खाली पाहिलं. मग आत्याकडे वळला. काहीतरी म्हणायचं होतं, पण नऊ वर्षांच्या मुलाकडे त्यासाठी शब्द नव्हता आणि अरबीत त्याला ते बोलायचं नव्हतं.

आत्या म्हणाली, "तुझ्या बाचं भांडं केवढं भरलंय बघ. जगातली सगळी पाखरं आली तरी संपायचं नाही."

तो खाली बसला, तिच्या पायाशी, बोटीच्या ओल्या फळीवर. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून ती उन्हात डोळे मिटून बसली. थोड्या वेळाने तिला झोप लागली. तो हलला नाही.

शाजलीकाका आधी कोणाकडेच पाहत नव्हते. मग घसा खाकरून म्हणाले, "डॉक्टर, हा मागचा दात रात्री ठणकतो."

"नंतर बघतो," वजीह कुजबुजला. "मावशी झोपलीय."

"शाळा इथे होती," शाजलीकाका हळू आवाजात म्हणाले आणि उजवीकडे बोट दाखवलं.

"नाही, तिकडे," वजीहने डावीकडे दाखवलं. "दारातून खाच सरळ दिसायची."

"तुला काय ठाऊक? तू वर्गात झोपायचास."

"म्हणून तर ठाऊक. जागा झालो की पहिली तीच दिसायची."

दोघे पुटपुटत भांडत राहिले, मुलं वर्गात भांडतात तसे. नावाड्याने माझ्याकडे पाहिलं, इंजिन लावू का, असं डोळ्यांनी विचारलं. मी मान हलवून नको म्हटलं. बोट आपोआप सरकत होती, अगदी थोडी थोडी. मी कठड्यावरून वाकले. पाणी वर निळं, खाली हिरवं, आणि त्याखाली नुसता अंधार होता. एकही बशी चमकली नाही. आम्ही कोणाच्या तरी अंगणावरून चाललो होतो, किंवा छपरावरून, किंवा वाटेवरून, आणि ते कोणाचं, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.